गेलेल्या मित्राची वही
(एक विचार)

— बी. ए. भाग २ चा विद्यार्थी

माणूस गेला की त्याच्या मागे काय उरते? शेत असेल तर शेत उरते, घर असेल तर घर उरते. गाणाऱ्याच्या मागे मात्र काय उरते हे सांगणे कठीण आहे. त्याचा सूर हवेत विरून गेलेला असतो. मग त्याच्या जवळची माणसे शोधाशोध करतात. एखादे पत्र सापडते, एखादी वही सापडते, मोबाइलमध्ये त्याचा आवाज सापडतो. हे सारे त्याने आपल्यासाठी, किंवा आपल्यापैकी एखाद्यासाठीच ठेवलेले असते. ते चारचौघांत वाचून दाखवणे ही श्रद्धांजली म्हणावी, की त्याच्या विश्वासाचा भंग म्हणावा? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न माझ्यापुढे केवळ पुस्तकातून आलेला नाही. आमच्या गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारा माझा एक जिवलग मित्र गेल्या वर्षी अल्पशा आजाराने वारला. त्याची एक दोनशे पानी वही माझ्याकडे आहे. तिच्यातील काही भाग या वार्षिकांकात यावा, असे काही वर्गमित्रांनी सुचविले. होकार देण्यापूर्वी, अशा प्रसंगी इतरांनी काय केले हे पाहावे असे मला वाटले. ग्रंथालयात बसून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

आपल्या परंपरेतील दाखले

सुरुवात आपल्या हिवरा आश्रमापासूनच करू. येथील विवेकानंद आश्रमामुळे आपल्या गावाला नाव मिळाले. दरवर्षी जयंतीच्या उत्सवाला लाखो माणसे येतात आणि शेतात पंगती बसून पुरी-वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद घेतात. पण स्वामी विवेकानंद हे उत्तम गायक होते, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात असते? तरुणपणी त्यांनी गाण्याचे रीतसर शिक्षण घेतले होते. पखवाजही ते वाजवीत. १८८१ साली श्रीरामकृष्णांची व त्यांची प्रथम भेट झाली, ती त्यांच्या गाण्यामुळेच लक्षात राहिली. १८८७ साली ‘संगीत कल्पतरू’ नावाचा बंगाली गीतसंग्रह प्रसिद्ध झाला, त्याच्या संकलनात त्यांचा हात होता.

हे स्वामीजी ४ जुलै १९०२ रोजी वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेले. आज आपण त्यांची पत्रे वाचतो, भाषण-स्पर्धेत त्यांतील वाक्ये पाठ म्हणतो. मद्रासचे आलासिंगा पेरुमल, काशीचे प्रमदादास मित्र, अमेरिकेतील मेरी हेल अशा स्नेह्यांना लिहिलेली ती पत्रे आहेत. त्यांत थकवा आहे, आजारपण आहे, राग आहे, विनोद आहे. खेत्रीचे राजे अजितसिंग यांना लिहिलेल्या पत्रांत तर आपल्या आईच्या निर्वाहाची काळजी आहे. लिहिताना स्वामीजींच्या मनात ही पत्रे छापण्याचा विचार खचितच नसेल. तरी ती छापली गेली म्हणूनच आपल्याला चित्रातल्या भगव्या वेषामागचा, आईची चिंता वाहणारा मुलगा दिसला. पत्रे जपणाऱ्यांनी ती जाळून टाकली असती तर आपले नुकसानच झाले असते. भगिनी निवेदितांनी १९१० साली आपल्या गुरूंवर जे पुस्तक लिहिले, त्याच्या नावाचा अर्थच ‘मी पाहिलेले गुरुदेव’ असा आहे. ‘मी पाहिलेले’ या दोन शब्दांत मोठा प्रामाणिकपणा आहे. हे संपूर्ण सत्य आहे असा दावा त्यांत नाही.

मराठीपुरते बोलायचे तर ही वाट फार जुनी आहे. ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१८ मध्ये, म्हणजे १२९६ साली, आळंदीस समाधी घेतली. त्या प्रसंगावरील अभंग नामदेवांच्या नावे आहेत. तीर्थावळीच्या अभंगांत तर ज्ञानदेव आणि नामदेव यांचा वाटेवरचा संवाद आहे. दोन मित्र चालता चालता जे बोलले ते एकाने दुसऱ्याच्या माघारी लोकांपुढे ठेवले आणि ते गाऊन ठेवले. कीर्तनकाराच्या तोंडून ते आजही ऐकू येते. मित्राच्या माघारी त्याचे बोलणे सांगणे हे आपल्याकडे पाप मानले गेले नाही. मात्र ते कसे सांगावे, याला मोल होते.

खाँसाहेब आणि त्यांचे चरित्रकार

आता गेल्या शतकातील गवयांकडे येऊ. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) हे मूळचे राजस्थानातले. शाहू महाराजांच्या कोल्हापूर दरबारी ते अनेक वर्षे होते आणि १९२२ साली महाराज गेल्यानंतर मुंबईस राहू लागले. त्यांच्या गायकीविषयी सांगतात की, तरुणपणी आमलेट्याच्या दरबारी अतिश्रमाने गाता गाता त्यांचा आवाज बसला, पूर्वीचा आवाज पुन्हा आलाच नाही आणि उरलेल्या आवाजाला साजेल अशी नवी गायकी त्यांनी घडविली. ज्याचे सारे जीवन आवाजावर, त्याचा आवाज जाणे म्हणजे काय, हे आपण शेतकऱ्यांच्या मुलांनी बैलजोडी गेलेल्या घराकडे पाहून समजून घ्यावे.

ही गोष्ट बाहेरच्या कुणी चव्हाट्यावर मांडली असती तर ती निंदा ठरली असती. पण अखेरच्या वर्षांत खाँसाहेबांनी आपल्या आयुष्याची हकीकत स्वतः आपल्या नातवाला, अझीझुद्दीन खाँ यांना सांगितली आणि नातवाने ती उर्दूत लिहून ठेवली. ती कितीतरी वर्षे हस्तलिखितातच राहिली. २००० साली तिचे इंग्रजी भाषांतर पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. खाँसाहेबांना जाऊन तेव्हा चोपन्न वर्षे झाली होती. घरातल्या माणसाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट घरातल्याच माणसाने लिहिली, सांभाळली आणि मग ती जगापुढे आली. आवाज गेल्याची कथा खुद्द त्यांच्याच तोंडची असल्यामुळे तिच्यात त्यांचा कमीपणा दिसत नाही. उलट केवढा पुरुषार्थ दिसतो!

त्याच्याही आधी, १९५४ साली, गोविंदराव टेंबे यांनी खाँसाहेबांचे चरित्र मराठीत लिहिले होते. टेंबे हे स्वतः नामांकित पेटीवादक. १९११ साली रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’ नाटकाच्या चाली त्यांच्याच. गायनाचार्य भास्करबुवा बखले यांच्या मैफलीत ते साथीला बसत. १९३९ साली त्यांनी ‘माझा संगीत व्यासंग’ हे पुस्तक लिहिले. पेटीवाला गवयाच्या अगदी शेजारी बसतो. गवयाचा दम कुठे कमी पडला, कुठल्या जागेवर तो स्वतःच्याच गाण्यावर खूश झाला, हे श्रोत्यांच्या आधी त्याला कळते. म्हणून साथीदाराने लिहिलेल्या आठवणींना वेगळा भाव आहे आणि म्हणूनच त्याची जबाबदारीही इतरांपेक्षा अधिक आहे.

प्रा. बी. आर. देवधर (१९०१–१९९०) यांचे उदाहरण असेच आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘संगीत कला विहार’ मासिकाचे ते संपादक होते आणि मुंबईस त्यांचे संगीत विद्यालय होते. कुमार गंधर्व लहानपणी तेथेच शिकले. देवधरांकडे गवयांचा राबता असे. बडे गुलाम अली खाँ त्यांचे स्नेही. सिंदेखाँ नावाच्या फकिरी वृत्तीच्या गवयाकडून त्यांनी चिजा घेतल्या. या सर्वांवर त्यांनी जे लिहिले ते ‘थोर संगीतकार’ या पुस्तकात आहे. गवयाची लहर, त्याचे खाणेपिणे, त्याचा हट्ट हे सारे त्यात येते. पण वाचून झाल्यावर त्या माणसाविषयी आपला आदर कमी होत नाही, वाढतो. मला वाटते, लिहिणारा चौकस असला तरी उपकृत होता, हे त्याचे कारण आहे.

चीज ही सुद्धा खासगीच

येथे एक निराळा मुद्दा लक्षात घेतला पाहिजे. आपण खासगी शब्द म्हणतो तेव्हा पत्र, रोजनिशी असे काहीतरी डोळ्यांपुढे येते. जुन्या घराण्यातल्या उस्तादाला मात्र त्याची चीजच खासगी होती. बापाने मुलाला, फार तर जावयाला द्यावयाची ती ठेव. लिहून ठेवायची चाल नव्हती, मग छापणे दूरच.

पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी हा बांध फोडला. ते वकिली शिकलेले गृहस्थ. १९०४ साली त्यांनी दक्षिणेचा प्रवास केला, पुढे देशभर हिंडले, उस्तादांना भेटले आणि या भेटींच्या रोजनिश्या लिहिल्या. जयपूरच्या मनरंग घराण्याच्या अनेक चिजा त्यांनी मिळविल्या. शेकडो बंदिशी स्वरलिपीसह ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापल्या. ज्यांना कुणा उस्तादाच्या घराचा उंबरठा चढता आला नसता अशा हजारो मुलांना त्यामुळे गाणे शिकता आले. माझ्यासारख्या, घरात पहिल्यानेच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलाला या गोष्टीचे मोल सांगावे लागत नाही. जे ज्ञान घरातच राहते ते ज्यांच्या घरात नाही त्यांना कधीच मिळत नाही.

तरीही उस्तादांच्या बाजूनेही पाहावे लागेल. ज्याच्या पोटाचा आधार चार चिजा, त्याने त्या दुसऱ्याला देणे म्हणजे शेताचा बांध मोडून देणे होय. पंडितजींनी विद्या सर्वांची केली हे खरे. पण देणाराचे नाव, त्याचा मान आणि त्याचा हिस्सा राहिला की नाही हा प्रश्न ती पुस्तके वाचताना मनात येतो. श्रद्धांजलीचेही तसेच आहे. गेलेल्याचे शब्द आपण लोकांना देतो, तेव्हा देणारा तो असतो. आपण नुसते हमाल असतो.

मित्रच जेव्हा शाई ओततो

आता परदेशातील एक उदाहरण. जर्मन संगीतकार बेथोव्हेन (१७७०–१८२७) याला तरुणपणीच बहिरेपण येऊ लागले. ही गोष्ट त्याने लोकांपासून लपविली. १८०२ सालच्या ऑक्टोबरात व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाट या खेड्यात त्याने आपल्या भावांच्या नावे एक लांबलचक पत्र लिहिले. माणूसघाणा म्हणून लोक आपल्याला नावे ठेवतात, पण खरे कारण हे बहिरेपण आहे, असे त्यात त्याने कळवळून सांगितले. हे पत्र त्याने पाठविले नाही. मृत्यूनंतर ते त्याच्या कागदपत्रांत मिळाले आणि त्याच वर्षी, १८२७ साली, छापले गेले. या पत्रातच त्याने म्हटले आहे की, आपल्या मृत्यूनंतर डॉक्टरांनी आपल्या आजाराचे वर्णन करावे आणि हा कागद त्याला जोडावा, म्हणजे निदान मेल्यावर तरी जगाचा आपल्याशी समेट होईल. म्हणजे मृत्यूनंतर हे उघड व्हावे ही त्याचीच इच्छा होती. मित्रांनी ते छापले यात विश्वासभंग झाला असे म्हणता येत नाही.

याच बेथोव्हेनची दुसरी कथा मात्र डोळ्यांत अंजन घालणारी आहे. कान पुरते गेल्यावर, साधारण १८१८ पासून, भेटायला येणारे लोक आपले बोलणे वहीत लिहून त्याला दाखवीत. अशा सुमारे १४० वह्या आज शिल्लक आहेत. त्या त्याचा चिटणीस व स्नेही आंटोन शिंडलर याच्या ताब्यात गेल्या. शिंडलरने १८४० साली बेथोव्हेनचे चरित्र लिहिले आणि १८४६ साली वह्या बर्लिनच्या राजग्रंथालयाला विकल्या. सव्वाशेहून अधिक वर्षे विद्वान त्या वह्यांवर विसंबून राहिले. १९७७ साली संशोधकांनी दाखवून दिले की, वह्यांतील कितीतरी मजकूर शिंडलरने बेथोव्हेनच्या मृत्यूनंतर स्वतःच्या हाताने मागाहून घातलेला आहे! आपण बेथोव्हेनच्या फार निकटचे होतो, संगीताविषयी तो आपल्याशी सल्लामसलत करी, असे जगाला दिसावे म्हणून हा उद्योग होता. मेलेला मित्र उठून ‘मी असे बोललो नव्हतो’ असे म्हणत नाही. शत्रूने खोटे लिहिले तर लोक शंका तरी घेतात. मित्रावर लोक विश्वास ठेवतात, आणि म्हणून मित्राचे खोटे अधिक काळ टिकते.

याउलट जिवंत मित्रावर लिहिण्यात एक सोय असते. आपल्या वऱ्हाडातील मूर्तिजापूरचे डॉ. वसंतराव देशपांडे (१९२०–१९८३) आणि पु. ल. देशपांडे यांची मैत्री महाराष्ट्राला ठाऊक आहे. अशा मित्रावर त्याच्या हयातीत लिहिले तर तो ‘अरे, हे काय लिहिलेस?’ म्हणून खांदा धरू शकतो. माघारी लिहिताना तो खांद्यावरचा हात आपणच कल्पावा लागतो.

कायदा काय सांगतो

या बाबतीत कायद्याचेही थोडे पाहू. १७४१ साली इंग्लंडमध्ये कवी अलेक्झांडर पोप याची पत्रे एका प्रकाशकाने परस्पर छापली, तेव्हा खटला झाला. न्यायालयाने म्हटले की, पत्र ज्याला आले त्याची मालकी फार तर कागदावर. मजकूर छापण्याचा हक्क त्याला मिळत नाही. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्यानुसार लेखनाचा हक्क लिहिणाराचा. तो त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो व वारसांकडे जातो. १९९२ पूर्वी ही मुदत पन्नास वर्षे होती. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम छापलेल्या लेखनाची साठ वर्षे प्रकाशनापासून मोजतात. तेव्हा माझ्या मित्राची वही माझ्या पेटीत असली तरी तिच्यातील शब्द त्याच्या वारसांचे आहेत. कायद्याने एवढे सांगितले. पण कायदा ‘कोणाला विचारावे’ हे सांगतो, ‘काय छापावे’ हे सांगत नाही.

वहीचा निर्णय

म्हणून ती वही घेऊन मी मित्राच्या घरी गेलो. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या मावशीला, वाचता येत नाही. तिला आणि काकांना मी पानामागून पान वाचून दाखविले. बरीचशी पाने अभंगांच्या चालींची होती. एक पान त्याने स्वतःच्या पुढच्या शिक्षणाविषयी, घरच्या अडचणीविषयी लिहिले होते. ते ऐकून मावशी म्हणाली, “हे पान नको छापू बाप्पा. हे त्यानं सोताशी बोलल्यासारखं लिवलं हाये.” भजनी मंडळातील एका वडीलधाऱ्या बुवांच्या बेसूरपणावर त्याने गमतीने लिहिलेले एक पान होते. तिथे काका हसले, पण मानेनेच नाही म्हणाले. ते बुवा आजही एकादशीला गातात. मेलेल्याची गंमत जिवंताला लागू नये, हे त्यांनी न बोलता सांगितले. बाकीचे छाप म्हणाले.

निरक्षर आईने जो निवाडा एका वाक्यात केला तोच वरील सगळ्या उदाहरणांचा अर्थ आहे असे मला वाटते. शब्द खासगी आहेत म्हणून ते त्याज्य ठरत नाहीत. ते दुसऱ्याशी बोललेले आहेत की स्वतःशी, हे ओळखावे लागते.

तेव्हा त्या वहीतील जे सर्वांसाठी आहे ते येथे थोडक्यात देतो. शब्द त्याचे वऱ्हाडीतले आहेत, मी फक्त आशय सांगत आहे. त्याने लिहिले आहे की, पहाटेच्या काकड्याला माणसांचे गळे उघडलेले नसतात, म्हणून पेटीवाल्याने रात्रीच्या भजनापेक्षा खालची पट्टी धरावी. गाणाऱ्याला आपल्या पट्टीत ओढू नये, आपण त्याच्या पट्टीत जावे. पखवाजाच्या धुमाला लावलेली कणीक वाळली की नाद कोरडा होतो, तेव्हा पखवाजवाल्याला पाणी देण्यासाठी अभंगाचे एक कडवे पुन्हा घ्यावे, त्याला चारचौघांत थांबायला लावू नये. हरिपाठाला म्हातारी माणसे उभी असतात, म्हणून लय वाढवताना त्यांच्या पायांकडे पाहावे. आणि पेटीचा सूर बांधलेला असतो, गळ्याचा नसतो. दोघांचे जुळले नाही तर गळ्याचे ऐकावे.

या सूचना पेटीच्या आहेत असे वरवर दिसते. पण प्रत्येक वाक्यात दुसऱ्या माणसाची काळजी आहे. साथ कशी करावी हे तो कुणाच्या शाळेत शिकला नव्हता. ज्याला साथ कळली त्याला माणूस कळला, एवढेच मी म्हणेन.

समारोप

एकंदरीत विचार करता काही गोष्टी निश्चित होतात. गेलेल्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय त्याचे शब्द बाहेर काढू नयेत. जे काढू त्यात आपली शाई ओतू नये, शिंडलरची गोष्ट विसरू नये. जिवंत माणसाला त्या शब्दांनी जखम होईल काय हे पाहावे. जे सांगू ते ‘मी पाहिलेले’ म्हणून सांगावे. आणि आपल्या निकटपणाचे प्रदर्शन करू नये. श्रद्धांजलीच्या लेखात ‘मी’ आणि ‘तो’ किती वेळा आला हे मोजून पाहावे. ‘मी’ जास्त भरला तर लेख परत लिहावा.

आमच्याकडे भजनी मंडळातला कुणी गेला की तेराव्याला त्याचा आवडता अभंग सगळे मिळून म्हणतात. त्याचे गुणदोष कुणी बोलत नाही. त्याची जागा ज्या सुरात होती तो सूर सगळे मिळून भरून काढतात. लेखणी धरणाऱ्याला यापेक्षा वेगळे काही करायचे असते असे मला वाटत नाही. मित्राचे शब्द पुढे द्यावेत, ज्याला पेटी शिकायची आहे त्याने ते घ्यावेत, आणि देणाऱ्याने साथीदारासारखे थोडे मागे बसावे.